आंबा रंगाचं दुपटं

जुळे सोलापूरच्या एकाच इमारतीत दोघी जावा राहत होत्या. वरच्या मजल्यावर थोरली शालन, खालच्या मजल्यावर धाकटी बुद्धप्रिया. बाळांची दुपटी शिवून ऑनलाइन विकायचं आधी सुचलं ते शालनला. धाकटीला टाका घालायलाही तिनंच शिकवलं. आणि आता कुरिअरवाला रोज खालच्याच दारात थांबायचा, वर यायचा तो कधीमधी. लग्नकार्यात बायका बुद्धप्रियाच्या पेजचं कौतुक करायला लागल्या की शालनच्या पोटात दुखायचं.

शेवटी तिनं धाकटीच्या ओळखीत नसलेल्या एका मैत्रिणीच्या, वच्छलाच्या नावानं बुद्धप्रियाच्याच पेजवरून एक दुपटं मागवलं. खोट काढायचीच होती. ती आयतीच सापडली. फोटोत पिकल्या आंब्याचा रंग, हातात आलं ते फिक्कट, लिंबासारखं.

“आता सापडली!” वच्छलाच्या घरी बसून शालन म्हणाली. तिनं मोबाइलवर नियम वाचून काढले होते. नुसतं आवडलं नाही म्हणून परत करायचं, तर विकणाऱ्याची जी अट असेल ती. पण फोटोत दाखवलं एक आणि पाठवलं दुसरं, तर परत घ्यायला त्याला नाही म्हणता येत नाही. “ती नाहीच म्हणणार, बघ. मग ग्राहक मंचात तक्रार टाकू. साऱ्या भावकीत कळू दे.”

“मला न्हाय बाई हे बरं वाटत,” वच्छला म्हणाली; पण दुपटं परत घे, असा मेसेज बुद्धप्रियाला केला.

थोड्याच वेळात बुद्धप्रिया स्कूटीवरून स्वतःच दारात हजर. शालन घाईघाईनं स्वयंपाकघरात शिरली.

बुद्धप्रियानं दुपटं खिडकीशी धरून बघितलं. “बल्बच्या उजेडात फोटो काढला, त्यामुळं रंग फसला. चूक माझीच, काकू. पैसे परत टाकलेत. पेजवरचा तो फोटोपण हटवला.”

“भांडली न्हाईस ती?”

“कायदाच हाय की तसा. आणि नसता तरी, माझ्या जाऊबाईंनी शिकवलंय. लेकराच्या अंगाखालची वस्तू. आईचं मन उडालं तर आपण परत घ्यावी.”

आत शालन ऐकत होती. हे आपण कधी म्हणालो, तिला आठवेना. आता तर तिच्या स्वतःच्या पेजवर ठळक लिहिलेलं होतं, विकलेला माल परत घेतला जाणार नाही. बार्शीच्या एका बाईनं उसवलेल्या शिवणीचा फोटो पाठवला, तर तिनं त्या बाईचा नंबरच ब्लॉक केला होता. नियम वाचताना तिच्या डोळ्यांपुढं फक्त धाकटी होती.

“या चपला... ताई हितं आल्यात व्हय?” बाहेरून बुद्धप्रियाचा आवाज आला.

शालनला बाहेर यावंच लागलं. बुद्धप्रियानं दोघींकडं बघितलं. तिला काय ते कळलं. मग तिनं दुपटं पुढं केलं. “बघा की ताई, रंग फसला.”

शालननं ते हातात घेतलं. टाके बारीक, एकसारखे. तिच्या हातून तसे पडत नसत. “रंगाचं सोड. शिवलंयस चांगलं,” ती कशीबशी म्हणाली.

संध्याकाळी तिनं पेजवरची ती ओळ पुसली आणि बार्शीच्या बाईला फोन लावला. “ते उसवलेलं दुपटं पाठवून द्या. कुरिअरचा खर्च माझा. नवं शिवून देते.”

“नवं नको आता. दुसरं घेतलं की,” बाई म्हणाली. “सोलापूरच्याच बुद्धप्रियाचं. लई छान हाय.”

शालन म्हणाली, “व्हय, चांगलं शिवते ती. मग तुमचे पैसे परत टाकते. खात्याचा नंबर सांगा.”