माणशी साडेतीन गुरं

"कल असली लोग आ रहे हैं, सर," राजन म्हणाला, आणि अनिलरावांच्या हातातला कातड्याचा पट्टा सुटून काउंटरवर पडला.

असली लोग म्हणजे उरुग्वेची माणसं. त्यांच्या व्यापार कचेरीतला कुणी साहेब आणि इथे नोकरी करणारे त्यांचे दोनचार लोक, आपल्या देशाचा स्टॉल कसा चाललाय ते बघायला येणार होते. राजनने आवाज खाली आणून पुढचंही सांगून टाकलं. त्यांनी बोगस म्हणून तक्रार केली तर स्टॉलचं लायसन जाईल, आणि लायसन गेलं की त्यावर काढलेला अनिलरावांचा व्हिसाही खलास.

आता बोगस तर ते होतेच. अनिलरावांनी उरुग्वे हा देश नकाशात पहिल्यांदा पाहिला तो दिवाळीनंतर, आणि तोही लेकीच्या, श्रियाच्या, शाळेच्या अॅटलासमध्ये. त्याआधीची सारी नोकरी अबुधाबीजवळच्या मुसफ्फा औद्योगिक भागातल्या एका कंत्राटदाराकडे आल्या-गेल्या ड्रॉइंगांवर नंबर टाकण्यात गेली होती. कंपनीने ते खातंच बंद केलं. वय अठ्ठावन्न, नवी नोकरी कोण देणार? आणि मार्चात श्रियाची बारावी. त्याआधी व्हिसा गेला असता तर तिघांनी बाडबिस्तरा आवरून पुण्याला जायचं आणि पोरीने ऐन परीक्षेत शाळा बदलायची. तेवढं काही करून टाळायचं होतं. म्हणून राजनने हे काम देऊ केलं तेव्हा ते लाज कोळून प्यायले.

अबुधाबीबाहेर थंडीत देशोदेशींची जत्रा भरते, त्यात राजनने तीन देश कंत्राटावर घेतले होते. उरुग्वेचा माल बोटीने आला, लोकरीचे पोंचो, कातडी, चहासारखं काहीतरी प्यायचे भोपळ्याचे पेले. माणसं मात्र आलीच नाहीत. मग राजनची नजर अनिलरावांच्या डोळ्यांवर पडली. आईकडून आलेले घारे डोळे, त्यात रंग उजळ. राजन म्हणाला, सर, पोंचो चढवा, तुम्हीच उरुग्वे. घरी श्रियाने नाक मुरडलं, "बाबा, दॅट्स लिटरली फ्रॉड." बायको मनोरमाबाई म्हणाल्या, फ्रॉड तर फ्रॉड, तू अभ्यास कर.

अनिलराव कामाला चोख. जे करायचं ते नीट करायचं, या सवयीने त्यांनी देश पाठ केला. लोकसंख्या सुमारे पस्तीस लाख, म्हणजे आपल्या पुण्याच्याही आतच. राष्ट्राध्यक्ष पाच वर्षांसाठी, आणि तोच माणूस लगेच पुन्हा उभा राहू शकत नाही. मतदान सक्तीचं, चुकवलं तर दंड. बाहेर जाणारा माल म्हणजे गोमांस, सोयाबीन, लोकर आणि कागदाचा लगदा. वीज जवळजवळ सगळी पाण्यावर आणि वाऱ्यावर. आणि शेवटी हमखास हशा मिळवणारं वाक्य, "आमच्याकडे माणसांपेक्षा गाईगुरं जास्त, माणशी तीन-साडेतीन!" कुणीतरी विचारायचंच, मग तुमची किती? अनिलराव म्हणायचे, मी इकडे आलो, माझी तिकडे चरतायत.

भाषा का येत नाही, यावरही उत्तर तयार होतं. लहानपणी देश सोडला, भाषा विसरलो. हे ऐकून समोरची मल्याळी, पाकिस्तानी, फिलिपिनो माणसं मान हलवायची. त्यांचीही पोरं इंग्रजीतच बोलत होती.

राहिलं गाव. शहराचं नाव घ्यावं तर एखादा फिरलेला माणूस निघायचा आणि पितळ उघडं पडायचं. म्हणून अनिलरावांनी ठरवलं, सगळ्यात बिनधोक गाव म्हणजे बुडालेलं गाव. धरणात गेलेल्या माणसालाच असलं सुचणार! अॅटलासात उरुग्वे नदी होती, तिच्यावर धरण होतं. बास. नदीकाठी आमची वस्ती होती, सांगायचे ते, पुढे धरणात गेली, आता तिथे पाणी आहे. आणि मग वर्णन करायचे ते थेट भिवरवाडीचं. भीमेच्या काठचं त्यांचं स्वतःचं गाव, ते बारा-तेरा वर्षांचे असताना उजनीच्या पाण्यात गेलं होतं. देवळाच्या जागी चर्च घातलं की झालं. घाटाच्या पायऱ्या त्याच, पैलतीरावर हाका मारल्या की येणारी नाव तीच. इतक्या वर्षांत त्या गावाबद्दल त्यांना कुणी एक शब्द विचारला नव्हता. आता रोज संध्याकाळी अनोळखी माणसं उभी राहून ऐकत होती, आणि अनिलरावांना, खरं सांगायचं तर, बरं वाटत होतं.

मग एके दिवशी एका कुटुंबाला गोष्ट सांगताना ते बोलून गेले की नावाड्याला बोलवायला निलगिरीच्या झाडाला टांगलेला नांगराचा तुटका फाळ वाजवायचा. कुटुंब हसत पुढे गेलं आणि अनिलराव तिथेच उभे राहिले. भिवरवाडीत निलगिरीचं झाड नव्हतं. चिंचा होत्या. फाळबीळ कुणी टांगला नव्हता, हाक मारली की नावाडी यायचा. मग हा फाळ आला कुठून? त्याचा आवाज मात्र त्यांच्या कानात स्पष्ट होता, आणि निलगिरीच्या ओल्या पाल्याचा वास पोंचोला येत होता. घरी जाऊन त्यांनी पोंचो गॅलरीत वाळत टाकला. वास गेला नाही.

त्याच आठवड्यात मनोरमाबाईंनी चहा ओतताना विचारलं, "तुम्ही झोपेत दावं सोड, दावं सोड म्हणत होतात. कसलं दावं?"

काही नाही, असं म्हणून अनिलराव उठले. काही नाही कसं? पण हे त्यांनी कुणालाच सांगितलं नव्हतं. गाव हलवायच्या दिवशी गाड्यांच्या गडबडीत जो तो समजला की दुसऱ्याने सोडलंय, आणि गोठ्यात एक तांबडं वासरू खुंट्याला राहिलं. नव्या गावठाणाच्या वाटेवर ते लक्षात आलं तेव्हा अनिल एकटाच मागे पळाला. गोठ्यात पाणी छातीपर्यंत चढलेलं. भिजून फुगलेली गाठ सुटेना. वासराने हिसका दिला आणि दाव्याने तळहात सोलून निघाला. तेवढ्यात वडलांनी येऊन त्याला काखेत मारलं नि बाहेर काढलं. वासरू मागे हंबरत होतं. मग हंबरायचं थांबलं. तळहातावर आडवा वळ राहिला, आणि अनिलरावांनी आयुष्यभर त्या हाताची मूठ मिटलेली ठेवली.

दुसऱ्या दिवशी, शनिवारी दुपारी, असली माणसं आली. पुढे टाय लावलेला साहेब, मागे चारपाच जण. शाळेत शिकवणारी एक तरुण मुलगी होती, तिचा हात धरून तिची आजी. आजी सत्तरीची, नातीकडे महिनाभर राहायला आलेली. राजन कोपऱ्यात कपाळ पुसत उभा होता. अनिलरावांनी लोकसंख्या सांगितली, सरकार सांगितलं, गोमांस-लोकर सांगितलं. साहेब आकडे ऐकत हसत होता. मग त्याने त्याच्या भाषेत काहीतरी विचारलं, उत्तर आलं नाही तेव्हा हसू आवरतं घेत इंग्रजीत विचारलं, तुम्ही नक्की कुठले?

अनिलरावांच्या डोळ्यांपुढे श्रियाचं हॉल तिकीट आलं. त्यांनी नेहमीची गोष्ट सुरू केली. नदीकाठ, वस्ती, धरण. साहेबाच्या कपाळावर आठी चढली. त्याचं आजोळ त्याच भागातलं होतं, अशी वस्ती त्याने ऐकली नव्हती. राजनने डोळे मिटून घेतले.

आणि मागून आजी पुढे आली. तिने नातीला काही सांगितलं. नात म्हणाली, आजी विचारतेय, नावाड्याला कसं बोलवायचे?

"निलगिरीला नांगराचा तुटका फाळ टांगलेला होता," अनिलराव म्हणाले. "तो वाजवायचा."

नातीने ते आजीला सांगायची गरजच पडली नाही, असं अनिलरावांना वाटलं. आजीचा चेहरा आधीच बदलला होता. तिने काठी काउंटरला टेकवली, अनिलरावांचा उजवा हात दोन्ही हातांनी धरला आणि मिटलेली बोटं एकेक करून उघडली. वळ बघून ती एक नाव म्हणाली. मातेओ.

नात फार संकोचली. माफ करा, म्हणाली, आजीचं वय झालंय. तिचा धाकटा भाऊ होता, मातेओ. त्यांचंही गाव धरणात गेलं, पाणी चढत होतं तेव्हा मागे राहिलेलं वासरू सोडवायला गेला. बारा वर्षांचा. परत आला नाही. सापडलाही नाही. त्याचे डोळे असे होते म्हणे.

स्टॉलमध्ये निलगिरीचा वास इतका दाटला की साहेबानेही नाकाला रुमाल लावला. राजन मागून पुटपुटला, हां बोलो सर, बस हां बोलो. एका शब्दाचं काम होतं. हो म्हटलं की व्हिसा, परीक्षा, सगळं जागच्या जागी. अनिलरावांनी आजीच्या तोंडाकडे पाहिलं. सुरकुत्यांत अडकलेले घारे डोळे त्यांच्याकडे लागले होते. आणि त्यांच्याच्याने ते होईना. पोरीची शाळा गेली तरी चालेल, पण या बाईला फसवायचं नाही, असं त्यांच्या पोटातून वर आलं. बोलायला गेले ते इंग्रजीत न येता मराठीतच आलं.

"आजी, मी नाही हो तो. मी भिवरवाडीचा. मला वडलांनी बाहेर काढलं."

कुणाला कळणार होतं? साहेबाला ते नदीकाठचं गावंढळ बोलणं वाटलं असावं, त्याची आठी उतरली. आजीने मात्र मान डोलावली, समजल्यासारखी. मग ती हळूहळू बोलू लागली आणि नात तिच्यामागून इंग्रजी करू लागली.

"आजी म्हणतेय, मला माहीत आहे. तो पाण्यातच आहे. पण तुला एक सांगायचं राहिलंय. दुसऱ्या दिवशी सकाळी वासरू वर आलं. एकटंच, पोहत. तांबडं, कपाळावर पांढरा ठिपका."

तांबडी तर जगातली अर्धी वासरं असतात. पण आपल्या वासराच्या तशाच पांढऱ्या ठिपक्याचं अनिलराव स्वतःशीसुद्धा कधी बोलले नव्हते. पायाखालचा गालिचा गार लागायला लागला.

"गळ्यात दावं तसंच होतं," नात म्हणाली. "गाठ सोडलेली होती. हिसक्याने तुटलेली नव्हती. हाताने सोडलेली. गाठ सुटली होती, एवढं तुला कळायला हवं, असं आजी म्हणतेय."

अनिलराव रडले. सगळ्यांदेखत, पोंचोचं टोक तोंडात धरून, अठ्ठावन्नाव्या वर्षी हुंदके देऊन रडले. एका गावात पोरगं वर आलं, वासरू राहिलं. दुसऱ्या गावात वासरू वर आलं, पोरगं राहिलं. हा कसला सौदा, आणि कुणी केला, हे विचारायचं कुणाला? आजीने त्यांच्या डोक्यावरून हात फिरवला. तो हात ओला होता. जाताना तिने वळून एवढंच सांगितलं, की शिरगणती करणारे आले की तिची आई शेवटपर्यंत घरातल्या माणसांत मातेओलाही धरायची. तू सांगतोस त्या पस्तीस लाखांत तो आहे.

मंडळी गेली. साहेबाने राजनशी हात मिळवला आणि स्टॉल फार जिवंत वाटतो म्हणाला. राजन धावत आला. क्या एक्टिंग, हबीबी, मैं तो डर गया था, मार्च तक पक्का समझो. अनिलराव आपला तळहात हुंगत होते. त्याला गोठ्याचा वास येत होता.

गिऱ्हाईक थांबत नाही. अबुधाबीच्याच मोहम्मद बिन झायद सिटी या उपनगरातलं एक मराठी जोडपं आलं, बरोबर सातआठ वर्षांची मुलगी. अनिलरावांनी डोळे पुसले, पोंचो सारखा केला आणि पहिल्यापासून सुरुवात केली. पस्तीस लाख म्हणताना ते किंचित थांबले, मग पुढे गेले. सरकार, मतदान, लोकर, पाण्यावरची वीज. माणशी तीन-साडेतीन गुरं.

"हाऊ मेनी आर युवर्स?" मुलीने विचारलं.

आईबाप हसायला तयार होऊन उभे होते. अनिलरावांनी उजव्या हाताची मूठ उघडली आणि हात काउंटरवर पालथा न घालता तसाच ठेवला.

"एक," ते मराठीत म्हणाले. "तांबडं. ते वर आलं."