खापरातलं बी

त्र्याहत्तर सालच्या त्या उन्हाळ्यात मिरजगावजवळच्या वस्तीवर जळणाचे इतके हाल झाले, की कुडाच्या काड्यासुद्धा चुलीत गेल्या. गुरं छावणीत, म्हणजे शेणही छावणीत. चांगुणाचा नवरा कानिफनाथ तिकडेच बैलांपाशी राहिलेला. घरात ती आणि सासू गोजरबाई, दोघीच. सासू दुष्काळी कामावर खडी फोडायला जाई, सून कोसभरावरून घागर आणी.

चांगुणा बेलापूरची, कालव्याच्या मुलखातली. लग्नाला अजून वर्ष झालं नव्हतं. तिच्या माहेरी बी दुकानातून पुडीत यायचं. त्यामुळे परसातल्या भिंतीवर, वळचणीखाली थापलेल्या तीन गोवऱ्या दिसल्या तेव्हा तिला देव पावल्यासारखं झालं. चुलीत घातल्या आणि रेशनवरच्या मिलो ज्वारीच्या लाल भाकरी बडवायला बसली. तेवढ्यात आत काहीतरी तडतडलं. तिने चिमट्याने राख उकरली, तर करपलेलं चपटं बी. डांगराचं, म्हणजे लाल भोपळ्याचं.

तेव्हा तिच्या डोक्यात उजेड पडला. गोजरबाईच्या डांगराची गोष्ट तिने हळदीच्या दिवसापासून ऐकली होती. गोजरबाईने ते बेणं स्वतःच्या आईकडून आणलेलं. दर उन्हाळ्यात ती फुटक्या मडक्यांच्या खापरांत रोपं करायची आणि घरटी एक वाटायची, फुकट. यंदा बाकीच्यांनी घरातलं बी कधीच भाजून खाल्लं होतं. सगळी वस्ती म्हातारीच्या रोपांवर टपून होती. पण बी शेणात थापून भिंतीला ठेवतात, हे चांगुणाला कुणी सांगितलंच नव्हतं. माहीत असलेली गोष्ट सांगायची कुणाला सुचत नाही, हीच तर रड असते.

संध्याकाळी सासू आली. मोकळी भिंत बघून तिचा रापलेला चेहरा फुलला.

"लावलंस व्हय गं बी? म्या आजच सांगनार हुते. लई गुनाची हायस!"

"व्हय," चांगुणाच्या तोंडून निघून गेलं.

दुसऱ्या दिवशी सासू कामावर गेल्यावर तिने तीन खापरांत माती भरली आणि वळचणीखाली मांडली. आज ना उद्या सांगू, असं तिने मनाशी ठरवलं.

गोजरबाई रोज कामावरून आली की आधी खापरांपाशी जाई. स्वतःच्या किटलीत उरवून आणलेलं पाणी ओंजळीने मातीवर शिंपडी. सहाव्या दिवशी चांगुणाने धीर केला.

"आत्याबाई, त्यात बी न्हा..."

गोजरबाईने तिच्या तोंडावर हातच ठेवला. खडीने सोलवटलेला, खरखरीत हात.

"नाट लावू नको! मोड यायच्या आधी बियाला न्हाई म्हनू नै. माती उकरू नै. माझ्या आईनं जल्मभर पाळलं."

खरं सांगायचं तर चांगुणाला बरंच वाटलं. बोलायचं टळलं ना!

दहा दिवस झाले, मोड काही येईना. "पानी कमी पडतंय," गोजरबाई म्हणाली, आणि त्या दिवसापासून भरलेली किटली तशीच परत आणू लागली. वैशाखाच्या उन्हात दिवसभर खडी फोडून घोटभरही पाणी न पिता. चांगुणाला ते दिसत होतं. खापरं रिकामी आहेत हे ठाऊक असलेली जगात ती एकटीच होती, आणि ती रोज तोंड मिटून ते पाणी मातीत जिरताना बघत होती.

चौदाव्या दिवशी भर दुपारी बायांनी गोजरबाईला उचलून आणलं. ऊन लागलं होतं. अंग तव्यासारखं तापलेलं, ओठ चिरलेले. शेजारची बनुबाई वैद्याला बोलवायला धावली. चांगुणाने तांब्या तोंडाला लावला, तर म्हातारीने दात घट्ट मिटले.

"आदी खापराला."

"आत्याबाई, प्या हो. मोड आलाय. दोन पानावर आलंय बघा," चांगुणा रडत म्हणाली. आता तरी पिईल, एवढीच तिची आशा.

गोजरबाई हसली. "आलं? मग आता तर लई जपाया पायजे. मला नगं. त्येला घाल."

तिने तोंड भिंतीकडे फिरवलं. चांगुणा विनवत राहिली, हात जोडत राहिली. वैद्य यायच्या आत सगळं संपलं होतं.

बायांनी रीतीप्रमाणे तोंडात पाणी घातलं. ते गालावरून ओघळून गोधडीत गेलं. बनुबाईने तांब्यातलं उरलेलं पाणी बाहेर नेऊन तिन्ही खापरांत सारखं वाटून ओतलं.

"म्हातारीचा जीव हुता ह्यात," ती म्हणाली. "जप गं बाई."

चांगुणा उंबऱ्यात उभी होती. तिला ते पाणी बघवेना.

"काकी, त्यात बी न्हाईच..."

बनुबाईने पुढे होऊन तिच्या तोंडावर हात ठेवला.

"नाट लावू नको, पोरी," ती म्हणाली.