कल्याणला राहिलेली कासंडी

मी एक कासंडी. पितळेची, पोटाने मोठी, दहा शेर दूध सहज मावेल एवढी. गळ्याशी कडी आहे, तोंड रुंद आहे आणि डाव्या कुशीला एक पोचा आहे. तो कसा पडला ते सांगते. तुम्ही निवांत बसा. मला मात्र एका जागी बसवत नाही. पहिल्यापासून माझा स्वभावच तसा.

सत्तेचाळीस सालच्या वैशाखात कल्याणच्या एका कासाराच्या दुकानातून अण्णांनी मला उचललं. अण्णा म्हणजे शाळेत गणित शिकवणारे, उंच, कमी बोलणारे गृहस्थ. त्यांनी बोटाच्या पेराने मला टिचकी मारली, कान देऊन ऐकलं आणि म्हणाले, "नाद चांगला आहे. सुमतीला हीच देऊ." लेकीच्या रुखवतात लाडवांच्या ताटाशेजारी मी झळकले आणि तिच्याबरोबर ठाण्याला, टेंभी नाक्याजवळच्या दोन खोल्यांत आले.

सुमतीचे यजमान त्र्यंबकराव कोर्टात कारकून होते. पण त्यांना विचाराल तर ते आधी क्रिकेटपटू होते. क्लबचे कप्तान, सलामीचे फलंदाज. रविवार उजाडला की त्यांचे पाय जमिनीवर ठरत नसत, आणि त्यांच्याबरोबर माझेही. कारण सामन्यातलं पेय माझ्या पोटातून जायचं. उन्हाळ्यात कैरीचं पन्हं, एरवी ताक, आणि मोठा सामना असला की पीयूष. सुमतीचं पीयूष साऱ्या क्लबात गाजलेलं. घरी बांधलेल्या चक्क्याचं श्रीखंड, त्यात ताजं गोडं ताक, वरून केशर, आणि जायफळ इतकं बेताचं की घोट गिळल्यावर मागाहून कळावं. कोलशेतचा दौलत म्हणून एक तेज गोलंदाज होता. तो पेला रिकामा करून म्हणायचा, "वयनीला सांगा, विकेटी माज्या नाय, त्यांच्या हायेत."

सुमतीने मात्र एकही सामना पाहिला नव्हता. मी जायचे, ती राहायची.

आता भांडणाचं सांगते. अठ्ठेचाळीस साली ठाण्याचा क्लब कल्याणला खेळायला गेला. सुमतीचा भाऊ मधू कल्याणचा यष्टिरक्षक, आणि अण्णा पंच. जावईबापू नव्वदीत आले असताना अण्णांनी त्यांना पायचीत दिलं. त्र्यंबकराव मैदानातच ओरडले, "मुलाच्या टीमसाठी एवढं करायचं?" अण्णांनी बोट खाली घेतलं नाही. त्या दिवसापासून त्र्यंबकरावांनी सासुरवाडीची पायरी सोडली, आणि सुमतीचं माहेर तुटलं. तासाभराच्या अंतरावर वडील, आणि चार वर्षं भेट नाही. सणावाराला ती गच्चीवर जाऊन कल्याणच्या दिशेला बघत उभी राहायची आणि भाजी करपली की धावत खाली यायची.

बावन्नच्या मे महिन्यात क्लबाने दौरा काढला. शनिवारी भिवंडी, रविवारी कल्याण, सोमवारी डोंबिवली. रोज संध्याकाळी लॉरीने ठाण्याला घरी यायचं, पण मंडळी बोलायची अशी की जणू विलायतेला निघालीत. भिवंडीला तिथल्या क्लबाने जिलबी आणि मठ्ठा दिला. दौलतने मोजून चौदा जिलब्या खाल्ल्या आणि दुपारी त्याला धावताच येईना. सगळे हसत परत आले.

त्या संध्याकाळी सुमती म्हणाली, "उद्या कल्याणला मीही येऊ का?"

"मॅच आहे, हळदीकुंकू नाही," त्र्यंबकराव म्हणाले.

ती माझ्यात डोकावून म्हणाली, "बरं, एक ऐका. कासंडीची कल्हई गेलीय. महिनाभर सांगतेय कल्हईवाल्याकडे न्या म्हणून. उद्याचं पीयूष एनॅमलच्या बादलीतून न्या. ह्यात आंबट टिकायचं नाही, कळकेल."

ते "हो हो" म्हणाले. माझं आतलं अंग तेव्हा ठिकठिकाणी उघडं पडलेलं, पितळ दिसत होतं. आंबट वस्तू त्यावर राहिली की विष होते, हे घरातल्या बायकांना ठाऊक असतं. कप्तानांना नसतं.

सकाळी सुमती आंघोळीला गेली. खाली लॉरीचा भोंगा वाजला. त्र्यंबकरावांनी बादलीकडे पाहिलं. तिच्या काठाचा टवका उडालेला, तिथे काळा डाग. कल्याणकरांसमोर ही न्यायची? त्यांनी बादलीतलं पीयूष माझ्यात ओतलं, ओलं फडकं गुंडाळलं आणि निघाले.

मला बोलता आलं असतं तर मी रस्ताभर किंचाळले असते. लॉरी हिंदकळत होती, पीयूष माझ्या उघड्या अंगावर आपटत होतं, ऊन चढत होतं, आणि मला आतून कळत होतं की केशराच्या वासाखाली काहीतरी बिघडतंय. मी डुचमळले, झाकण खडखडवलं. दौलतने मला दोन्ही गुडघ्यांत घट्ट धरलं, सांडू नये म्हणून.

कल्याणच्या मैदानात अण्णा पांढरा कोट घालून उभे होते. केस सगळे पिकले होते. साडेअकराला खेळ थांबला. माझ्याभोवती दोन्ही संघ जमले. त्र्यंबकरावांनी काय मनात आणलं कोण जाणे, पहिला पेला भरून ते सरळ सासऱ्यांपुढे गेले.

"घ्या अण्णा. तुमच्या लेकीच्या हातचं आहे."

अण्णांनी एक घोट घेतला आणि मी पाहिलं, त्यांचे डोळे क्षणभर थांबले. त्यांनी पेल्यात पाहिलं, मग माझ्याकडे. मग पुन्हा पेला तोंडाला लावला आणि शेवटपर्यंत संपवला.

"छान झालंय," ते म्हणाले.

दौलत ओगराळं घेऊन माझ्यावर वाकला. इतक्यात अण्णा वळले आणि त्यांचा पाय जोरात माझ्या कुशीला लागला. मी आडवी झाले, दगडावर आदळले. सगळं पीयूष मातीत गेलं.

"अरारा!" दौलत ओरडला.

त्र्यंबकराव लालबुंद झाले. "चार वर्षं झाली अण्णा, तरी तुमचा राग जात नाही? लेकीच्या हातचं लाथेनं उडवलंत?"

"पाय अडखळला," अण्णा म्हणाले. "चला, खेळ सुरू करा."

चहाच्या वेळेआधीच अण्णा दुसऱ्या पंचाला उभं करून घरी गेले. "तोंड दाखवायची लाज वाटली असेल," त्र्यंबकराव म्हणाले. मी कोपऱ्यात उपडी पडले होते, कुशीला पोचा घेऊन.

ठाण्याला सुमतीचा दिवस कसा गेला ते मला मागाहून तिच्याच तोंडून कळलं. सकाळी बादली रिकामी आणि कासंडी गायब दिसताच ती ओल्या केसांनी नाक्यापर्यंत धावली होती. लॉरी गेलेली. मग दिवसभर ती दार आणि खिडकी करत होती. आम्ही जिन्यात येताच तिने विचारलं, "किती जण प्यायले?"

"कोणी नाही! तुझ्या वडिलांनी लाथाडलं सगळं."

तिने मला ओढून घेतलं, उजेडात आत पाहिलं. तळाशी हिरवट राप चढला होता. तिने बोट फिरवून त्यांना दाखवलं.

"सांडायच्या आधी कोणी चाखलं होतं?"

"त्यांनीच. पहिला पेला मी मानाने दिला त्यांना."

"अर्धा टाकला?"

"नाही, सगळा संपवला. वर छान झालंय म्हणाले."

सुमतीने मला खाली ठेवलं. त्र्यंबकराव तिच्या बोटाकडे बघत राहिले. हळूहळू त्यांच्या चेहऱ्यावरचा राग उतरला आणि त्या जागी जे आलं ते मी त्यांच्या चेहऱ्यावर पूर्वी कधी पाहिलं नव्हतं.

"मी उद्या सकाळच्या गाडीने कल्याणला जातेय," ती म्हणाली. ते नको म्हणाले नाहीत.

सोमवारी मला हातात घेऊनच ती निघाली. मधूची बायको नंदा दारातच भेटली. "काल दुपारपासून ओकतायत हो वन्सं. आत्ता कुठे पेज पोटात राहिलीय. विचारलं तर म्हणतात ऊन बाधलं."

अण्णा भिंतीला टेकून बसले होते, चेहरा उतरलेला. सुमती जवळ बसली.

"अण्णा, पहिल्याच घोटाला कळलं होतं ना तुम्हाला?"

"हं."

"मग सगळा का प्यायलात?"

"तुझ्या नवऱ्याने आपण होऊन पुढे केलेला पेला," अण्णा म्हणाले. "अर्धा टाकला असता, तर आणखी चार वर्षं गेली असती. आणि कळकलंय असं सर्वांदेखत म्हणालो असतो, तर तुझं नाव खराब झालं असतं. मग पाय अडखळला."

सुमतीने त्यांच्या गुडघ्यावर डोकं ठेवलं.

दुपारी त्र्यंबकराव आले. डोंबिवलीचा डाव अर्धा सोडून, पांढऱ्या कपड्यांत, बुटांना लाल माती. दारातच उभे राहिले.

"अण्णा, तिने बजावलं होतं. माझ्या हाताने मी त्यात ओतलं."

"ठाऊक आहे," अण्णा म्हणाले. "तिने ओतलं नसतं. आत या, उन्हात का उभे?"

ते आत आले नाहीत. मला उचललं आणि गल्लीच्या टोकाला कल्हईवाल्यापुढे जाऊन बसले. भाता चालला, मी तापले, नवसागराचा धूर निघाला, आणि कथलाचा हात फिरताच माझं आतलं अंग चांदीसारखं उजळलं. ते तिथून हलले नाहीत. धुराने म्हणा किंवा कशाने, डोळे पुसत होते. पोचा काढू का, असं कल्हईवाल्याने विचारलं, तर म्हणाले, "राहू दे."

संध्याकाळी अण्णांच्या दारातून ठाण्याला निघताना मला उचलायला ते वाकले, तेव्हा सुमती म्हणाली, "कासंडी आता इथेच राहील. मॅच असली की येऊन न्यायची आणि परत आणून ठेवायची. मी बरोबर येईन."

तेव्हापासून पाच वर्षं मी अण्णांच्या स्वयंपाकघरात आहे. दर मोसमात ते दोघं मला न्यायला येतात, आणायला येतात. सुरुवातीला सासरे-जावई माझ्याकडे बघतच बसायचे. मग एकदा दौलतच्या गोलंदाजीवरून बोलणं निघालं आणि नंदाला दोनदा चहा टाकावा लागला.

मन अजून ठरत नाही माझं. फडताळात ठेवली की वाटतं, कोणीतरी भरावं, लॉरीत चढवावं, नाशिकला न्यावं, पुण्याला न्यावं. मैदानाची माती आठवली की कडी आपोआप किणकिणते. पण हल्ली त्र्यंबकरावांचे गुडघे दुखतात, सामने कमी झालेत.

आज श्रावणातला मंगळवार. बाहेर चिखल आहे, महिनाभर कुठलाच सामना नाही. तरी सकाळीच ओसरीवर चपला वाजल्या. अण्णांनी विचारलं, "सुमती नाही आली? आणि मॅच कुठे आज?"

"कुठे नाही," त्र्यंबकराव म्हणाले. "कासंडी बघून जावी म्हटलं."

मला बघायला कोणी स्वयंपाकघरात आलं नाही. बाहेर दोघं बोलत बसलेत. तुम्ही इथून जाताना आवाज करू नका, एवढंच मागते.