चौथी गाळणी

घाटातल्या तिसऱ्या वळणावर गाडीने पहिला गचका खाल्ला, तेव्हा मास्तरांनी तो जाणवलाच नाही असं दाखवलं. दुसऱ्या गचक्याला बायकोने त्यांच्याकडे पाहिलं. तिसरा बसला आणि बावन्न वर्षांची ती फिक्या निळ्या रंगाची गाडी दोनदा शिंकून रस्त्याच्या कडेला गप्प उभी राहिली. एक वाजून वीस मिनिटं झाली होती.

"अहो, काय झालं?"

"काही नाही. चढावर तापली असेल. होईल दहा मिनिटांत सुरू."

तीन वाजता बायकोच्या धाकट्या भावाच्या हृदयाचं ऑपरेशन होतं. पावणेतीनला त्याला आत नेणार होते. धोका आहे, हे डॉक्टरांनी आडपडदा न ठेवता सांगितलं होतं. त्याआधी भावाचा हात एकदा हातात घ्यायचा, एवढंच तिचं मागणं होतं. हॉस्पिटल घाटापलीकडे, अजून पंचेचाळीस किलोमीटरवर होतं. सकाळच्या बसने जाते, असं ती कालपासून कानीकपाळी ओरडत होती. पण मास्तर हट्टाला पेटले होते. "गाडीनेच जाऊ. त्यालाही बरं वाटेल बघून."

मास्तरांनी शाळेत कधी शिकवलं नव्हतं. बत्तीस वर्षं ते पाणीपुरवठ्याच्या प्रयोगशाळेत होते, आणि तिथल्या लोकांनी त्यांना गाळणीमास्तर हे नाव ठेवलं होतं. नळाचं पाणी घरी आल्यावर ते तीनदा गाळत. चहा दोनदा. पाहुण्यांनी आणलेलं दूध ते आधी उजेडात धरून बघत आणि पाहुणे एकमेकांकडे बघत. अशा माणसाच्या हाती जुनी गाडी पडल्यावर काय व्हायचं ते झालं. टाकीच्या तोंडात एक बारीक जाळी, पेट्रोलच्या पंपाआधी एक कागदी गाळणी, पंपानंतर काचेच्या वाटीतली आणखी एक. ती काच ते दर रविवारी पुसत.

गाडी मुळात याच मेहुण्याने उभी केली होती. अकरा वर्षांपूर्वी एका गोदामात पत्र्याचा सांगाडा पडला होता, तो मेहुण्याने आपल्या गॅरेजात आणून वर्षभर खपून चालता केला आणि दाजींच्या हाती किल्ली दिली. मग दोन वर्षांपूर्वी जुन्या गाड्यांच्या मेळाव्यात त्याने चार लोकांसमोर बॉनेट उघडलं, गाळण्या बघितल्या आणि पोट धरून हसला. "दाजी, गाडीला पेट्रोल पाजताय की चमच्याने औषध देताय? एक पुरे! बिचारीचा घसा आवळू नका."

लोक हसले. मास्तरांच्या कानाच्या पाळ्या तापल्या. "तुझ्या गॅरेजातली घाण माझ्या गाडीत नको," ते म्हणाले. हे बोलायला नको होतं, हे त्यांना घरी पोचायच्या आतच कळलं होतं. पण शब्द तोंडातून गेला होता, आणि तो परत घ्यायचा तर मान तुकवावी लागणार होती. दोघांचं बोलणं त्या दिवसापासून बंद पडलं. बहीण तेवढी दोघांच्या मधे फोनवर लोंबकळत राहिली.

आज गाडी घेऊन जायचं ते यासाठी. सॉरी म्हणायला मास्तरांची जीभ वळत नव्हती. गाडीने ते आपोआप म्हटलं असतं.

बरोबर दहा मिनिटांनी गाडी सुरू झाली, अगदी काही झालंच नाही अशी. "बघ, म्हटलं नव्हतं?" मास्तर म्हणाले. बायकोने सुटकेचा निःश्वास टाकला. बारा मिनिटं गाडी झकास चढली आणि पुन्हा तसेच तीन गचके खाऊन थांबली.

आता मास्तर खाली उतरले. बॉनेट उघडलं. काचेच्या वाटीत पेट्रोल लख्ख होतं, पण तळाला, जेमतेम बोटभर. त्यांनी कागदी गाळणी बदलली. डिकीत नव्या कोऱ्या चार होत्याच. जुनी उजेडात धरून पाहिली, तीही स्वच्छ. म्हणजे इथवर पुरेसं पेट्रोल येतच नव्हतं. बोटं उगाचच नळ्या चाचपत होती. कारण कुठे काय अडतंय, हे त्यांना पक्कं ठाऊक होतं. जगात ते एकट्या त्यांनाच ठाऊक होतं.

मेळाव्याहून परतल्यावर, रागाच्या भरात, त्यांनी चौथी गाळणी बसवली होती. टाकीच्या आत. पेट्रोल ओढणाऱ्या नळीच्या तोंडावर कापडाची पिशवी, दोऱ्याने आवळून बांधलेली. पाण्याच्या कामात कितीही थर घातले तरी बिघडत नाही. पाणी आपल्या गतीने खाली झिरपतं, त्याला घाई नसते. पण पंपाला ओढायचं असतं, आणि दोन वर्षांत टाकीतला गंज त्या कापडात चिखलासारखा बसला असणार. गावातल्या गावात गाडीला थोडंच पेट्रोल लागायचं, म्हणून कळलं नाही. चढावर तिने जोर लावून ओढायला घेतलं आणि घसा आवळला गेला. थोडा वेळ उभी राहिली की पेट्रोल पाझरून जागा भरायची.

टाकी डिकीतच होती. नळी धरणारी वरची चकती सहा स्क्रूंची. वीस मिनिटांचं काम. मास्तर मनाशी म्हणाले, वीस मिनिटं घालवण्यापेक्षा दहा मिनिटं थांबलेलं बरं. हिशोब सोयीचा होता. चकती उघडली असती तर बायकोला पिशवी दिसली असती, आणि आज ना उद्या मेहुण्याला कळलंच असतं.

"गाळणीत कचरा होता," ते म्हणाले. "काढला."

बायकोने रस्त्यावर उभं राहून एका ट्रकला हात केला. तो थांबला नाही. मागून आलेली मोटार गच्च भरलेली होती. बस तासाभराने होती. ती परत येऊन बसली आणि पदराचं टोक बोटाला गुंडाळून सोडू लागली. ती रडली असती तर मास्तरांना परवडलं असतं.

तिसऱ्यांदा गाडी थांबली तेव्हा दोन वाजून दोन मिनिटं झाली होती. या वेळी बायकोने नवऱ्याला काही विचारलंच नाही. तिने सरळ भावाला फोन लावला आणि स्पीकर सुरू केला.

"ताई! कुठे पोचलात?"

"अरे, घाटातच आहोत. गाडी सारखी बंद पडतेय." तिचा आवाज ओला झाला.

"रडतेस काय? दाजींना फोन दे."

मास्तरांनी फोनकडे पाहिलं. दोन वर्षांनी ऐकलेला आवाज बारीक झाला होता, धाप लागलेला.

"बोल," ते म्हणाले.

"दहा मिनिटं थांबलं की आपोआप सुरू होते?"

"हो."

"मग पंप ठीक आहे. वाटीत पेट्रोल किती?"

"तळाला."

पलीकडे तो काहीतरी मोजत पुटपुटला. मग मेहुणा म्हणाला, "दाजी, तीन गाळण्या मी मोजल्या होत्या. चौथी कुठे लावलीत?"

वळणावर एक बस हॉर्न वाजवत उतरून गेली. बायको आता फोनकडे नव्हे, मास्तरांकडे बघत होती.

"टाकीत," मास्तर म्हणाले.

"कसली?"

"कापडाची. उशीच्या अभ्र्याची."

"निळ्या फुलांचा?" बायको म्हणाली. "दोन वर्षं शोधतेय मी तो!"

मेहुणा हसायला लागला. हसता हसता त्याला खोकला आला. मागून एका बाईचा आवाज आला, हसू नका हो, फोन ठेवा आता, तयारी करायचीय. "एक मिनिट, सिस्टर, गाडी अडलीय," मेहुणा घाईने म्हणाला. "दाजी, ऐका. आधी बॅटरीची तार काढा. ताईला लांब उभी करा. सहा स्क्रू, चकती सरळ वर उचला, नळी वाकवू नका. दोरा कापा आणि तो अभ्रा काढा. आणि ताई, ऐक ना..."

फोन बंद झाला. बायकोने पुन्हा लावला. घंटी वाजत राहिली, कुणी उचलला नाही.

मास्तरांनी तार काढली, डिकीतल्या पिशव्या खाली ठेवल्या, स्क्रू सोडवले. एक स्क्रू दोनदा खाली पडला. दोरा कापल्यावर जे हातात आलं, त्याच्यावरची फुलं ओळखू येत नव्हती. तपकिरी, बुळबुळीत, जड लगदा. त्यातून काळं पेट्रोल मनगटावर ओघळलं. आयुष्यभर स्वच्छतेचा जप करणाऱ्या माणसाने इतकी घाण आधी कधी हातात धरली नव्हती, आणि ही तर त्यांची स्वतःची होती. रस्त्यावर टाकवेना, म्हणून त्यांनी ती जाड पिशवीत बांधून डिकीत ठेवली.

दोन अठ्ठावीसला गाडी सुटली आणि नंतर एकदाही अडखळली नाही. उरलेला घाट तिने गाणं म्हणत चढावा तसा चढला. मास्तरांना तो सुरळीत आवाज सहन होत नव्हता.

हॉस्पिटलच्या तिसऱ्या मजल्यावर पोचले तेव्हा तीन वाजून चार मिनिटं झाली होती. दार बंद होतं, वर लाल दिवा.

"तुम्ही दाजी का?" सिस्टरने मास्तरांचे काळे हात बघून विचारलं. "हसतच आत गेले ते. निरोप ठेवलाय. म्हणाले, अभ्रा फेकू नका, मला बघायचाय."

"आणि मला?" बायकोने विचारलं. "माझ्यासाठी काही म्हणाला?"

"ताई येतेय का, असं दोन-तीनदा विचारलं त्यांनी. मग भूल दिली."

दोघं बाकावर बसली. मास्तर हात धुवायला उठले नाहीत. समोरच्या भिंतीवरचं घड्याळ चालत होतं, आणि बायको त्याच्याकडे बघत मनातल्या मनात काहीतरी मोजत होती.

"पहिल्यांदा थांबलो तेव्हा एक वीस," ती म्हणाली. "तेव्हाच काढला असता, तर आपण पावणेतीनच्या आत इथे असतो."

"हो."

"तुम्हाला तेव्हाच माहीत होतं?"

खोटं बोलणं अजूनही सोपं होतं, आणि ती विश्वासही ठेवणार होती. "पहिल्याच गचक्याला," ते म्हणाले.

तिने घड्याळावरची नजर काढून दाराकडे वळवली. दारामागून कुणाच्या तरी चपलांचा आवाज आला आणि दूर गेला.

"तो बाहेर आला, की हे त्याला तुमच्या तोंडाने सांगायचं," ती म्हणाली. "सगळं. पहिल्या गचक्यापासून."

"सांगतो."

"आणि नाही आला, तर मला सांगायचं. रोज."

मास्तरांनी मान हलवली. मग ते खाली गेले, डिकीतली ती पिशवी घेऊन वर आले आणि मांडीवर ठेवून दाराकडे बघत बसले.