भिंतीकडची बाजू

त्या वॉर्डाला दोन बाजू होत्या, एक खिडकीकडची आणि एक भिंतीकडची. खिडकीकडच्यांना वारा मिळायचा, उजेड मिळायचा, खालच्या गाडीवरच्या चहाचा वाससुद्धा फुकटात मिळायचा. भिंतीकडच्यांच्या वाट्याला ओल. त्याबद्दल ललिताची काही तक्रार नव्हती. दवाखान्यात नवऱ्याला खाट मिळाली हेच नशीब म्हणायचं आणि गप्प बसायचं. पण पांढरा कोट घातलेली दीक्षा नावाची नर्सिंगची विद्यार्थिनी आली, पेशंटजवळ बसणाऱ्या सगळ्या बायकांना सारखेच प्रश्न विचारून गेली, आणि दुसऱ्या दिवसापासून खिडकीकडच्या बायकांनाच तेवढं चित्रं दाखवून काहीबाही शिकवायला लागली, तेव्हा मात्र ललिताचं डोकं फिरलं.

तिचा नवरा आकाराम कोडोलीचा. उसाची ट्रॉली भरून झाल्यावर वर चढून दोर आवळत होता. दोर तुटला आणि हा उताणा खाली आला. कमरेखालचं अंग जे गेलं ते गेलंच. बाईमाणसासमोर खोकायलाही लाजणारा तो माणूस आता चादर ओली झाली की भिंतीकडे तोंड करून मुकाट रडायचा. ललिता चादर बदलायची, त्याला दटावायची, आणि संडासात जाऊन स्वतः रडून यायची.

एके सकाळी अंग पुसताना तिला त्याच्या माकडहाडावर रुपयाएवढा लाल डाग दिसला. बोटानं दाबला तरी लाली हटेना. दवाखान्यात आल्यापासून पाठीत किडे पडलेल्या माणसांच्या गोष्टी तिनं ऐकल्या होत्या. तिच्या तोंडचं पाणी पळालं. ती सिस्टरकडे धावली. सिस्टर वाईट नव्हती, पण एका जिवाला चाळीस पेशंट. "पावडर लावा," म्हणाली आणि सलाईनची बाटली घेऊन पुढं गेली.

दुपारी दीक्षा व्हरांड्यात एकटी सापडली. ललितानं तिची वाटच अडवली.

"ताई, आमचं काय चुकलं? परीक्षेत नापास झालो व्हय आमी?"

"कसली परीक्षा?"

"त्ये प्रश्न इचारलासा की. तिकडच्या बायकांची उत्तरं बरोबर आली म्हनून त्यास्नी शिकवायलाय. माझी परत घ्या. म्या तिकडं जाऊन समदं पाठ करून येते."

दीक्षा आधी हसली आणि मग हसल्याबद्दल ओशाळली. ती गडमुडशिंगीची, तिचा बाप मजुरी करून तिला शिकवत होता, आणि वॉर्डातला हा पाहणीचा अभ्यास पुरा झाला तरच तिची पदवी पुरी होणार होती. तिनं समजावून सांगितलं. परीक्षा नव्हे. एका बाजूला शिकवायचं, दुसऱ्या बाजूला शिकवायचं नाही, तीन आठवड्यांनी दोन्हीकडं बघायचं. शिकवल्यानं फरक पडतो का, ते त्यातनं कळतं. मग भिंतीकडच्यांनाही शिकवायचं.

"फरक पडतोय का न्हाय ह्ये कळायला आमची मानसं कुजवायची व्हय?" ललिता म्हणाली.

ललितानं दीक्षाचा हात घट्ट धरला होता आणि ती सोडत नव्हती. लाल डाग, त्याचं रडणं, घरी सासूजवळ ठेवलेल्या दोन पोरी, सगळं एका दमात ओतून झालं. शेवटी दीक्षा इकडंतिकडं बघत म्हणाली, "शिकवते. पण तुमच्या बाजूला कुणाला कळता कामा नये. एकीला कळलं की सगळ्यांना कळतं, आणि माझी दोन वर्षं पाण्यात."

"माझ्या मालकांची शपथ," ललिता गळ्याला चिमटा घेत म्हणाली. "कुनाला सांगितलं तर माझं कुक्कू पुसलं जाईल."

दीक्षाचा शपथांवर विश्वास नव्हता. लहानपणापासून घरात असल्या गोष्टींना थारा नव्हता. म्हणूनच तिनं ते ऐकून सोडून दिलं. अडवायला हवं होतं, पण ज्याचा ज्यावर विश्वास नाही त्याचं वजन त्याला कुठून कळणार!

व्हरांड्यातल्या बाकावर उशी ठेवून तिनं शिकवलं. दर दोन तासांनी कूस बदलायची. ओढायचं नाही, खांदा आणि पाय एकदम वळवायचे, त्याला दोन माणसं लागतात. गुडघ्यांमध्ये उशी द्यायची. माकडहाड, टाचा, रोज उजेडात बघायच्या. अंग कोरडं ठेवायचं. लाल झालेलं चोळायचं नाही. "डॉक्टरांना विचारलंय मी, तुमच्या मालकांना आता वळवायला हरकत नाही," ती म्हणाली. एवढंच होतं. एवढ्यासाठी माणसं मरत होती.

आता दुसरं माणूस कुठून आणायचं? ते शेजारच्याच खाटेपाशी बसलेलं होतं.

चिमणाबाई पेठ वडगावच्या बाजारात भाजी विकायची. तिचा एकुलता एक पोरगा संग्राम मांडववाल्याकडं कामाला होता, तो बांबूवरून पडला. पहिल्या दिवशी डॉक्टर तिला म्हणाले होते, "याला अजिबात हलवायचं नाही." ते त्या दिवसापुरतं होतं. पुढं त्या डॉक्टरांची दुसऱ्या वॉर्डात बदली झाली, आणि शब्द परत घ्यायला कुणी आलंच नाही. चिमणाबाईनं तो डोळ्यांत तेल घालून पाळला. पोराच्या अंगावर माशी बसली तरी ती पदरानं हळूच उडवायची. पाठ पुसायची तर बात नाही, हलेल ना तो.

"मावशी, जरा मालकांचं पाय धरता?" ललितानं विचारलं. "त्यास्नी एका अंगावर झोपच लागत न्हाय."

"आगं, त्यात काय इचारतीस," म्हणत म्हातारी उठली.

त्या दिवसापासून चिमणाबाई पाय धरायला लागली. ललिता खांदा धरायची, म्हातारी पाय, आणि आकाराम भिंतीकडून खिडकीकडं वळायचा. चार-पाच दिवसांत लाल डाग फिका पडला. ललिताला आनंदानं नाचावंसं वाटलं, आणि शेजारी बघितलं की त्याच आनंदाची शरम वाटायची. म्हातारी स्वतःची अर्धी भाकरी तिला द्यायची. रात्री ललिताचा डोळा लागला तर तीच हलवून उठवायची, "उठ गं, तुझ्या मालकाची कूस बदलायची हाय न्हवं?" आणि तिचा पोरगा तिथंच, दोन हातांवर, छताकडं बघत उताणा.

सांगू नको म्हणजे किती सांगू नको? ललितानं वाटा शोधल्या. ती आकारामला मुद्दाम सावकाश, दाखवून दाखवून वळवू लागली. म्हातारी म्हणाली, "नशीब तुझं, तुझ्या मालकाला हलवायला परवानगी हाय." ती सिस्टरला म्हणाली, "त्या पोराला जरा बघा की." सिस्टर आली, "काही त्रास?" म्हणून विचारलं. "न्हाय बाई," चिमणाबाई अभिमानानं म्हणाली, "आल्यापास्नं तसूभर हलू दिला न्हाय म्या." सिस्टर पुढं गेली. ललिताच्या जिभेवर शब्द आले होते. तेवढ्यात आकाराम ठसकला आणि ते शब्द तिनं घाईघाईनं गिळले. साधा ठसका होता, पाण्याचा.

मग एक दिवस वास आला. कुजक्या भाजीसारखा, हलका. चिमणाबाईला तो ओळखीचा असणार, पण आपल्या पोराच्या खाटेतून येतोय हे तिच्या मनालाही शिवलं नाही. संग्रामचं अंग तापलं होतं, सिस्टरनं तापाची गोळी देऊन भागवलं.

ललिता अनवाणीच नर्सिंगच्या होस्टेलवर गेली. शपथ ज्याच्यापाशी घेतली त्यानंच सोडवायची असते. त्यानं "सुटली" म्हटलं की झालं.

"दीक्षाताई पुण्याला गेल्यात, सोमवारी येतील," वॉचमन म्हणाला. "काय निरोप?"

"निरोप न्हाय. त्यास्नी एक शब्द बोलायचा हाय फकस्त."

"मग सोमवारी या की, बाई."

मधे शनिवार होता आणि रविवार होता. त्या दोन दिवसांत ललिता अन्नाला शिवली नाही. खाटेपाशी बसून ती मनात हिशेब घालायची. सांगावं तर आकाराम जाईल. न सांगावं तर ते पोर जाईल. आकारामच्या कपाळाला हात लावला की तो गार, बिनतापाचा लागायचा आणि तिचं तोंड बंद व्हायचं. देवाला नवस बोलायला गेली तर काय मागावं तेच समजेना. रविवारी संध्याकाळी म्हातारीनं पाय धरताना विचारलं, "आगं, भाकरी का खाईनास?" ललितानं सांगितलं, भूक न्हाय.

सोमवारी ती दवाखान्याच्या फाटकात उभी राहिली. दीक्षा रिक्षातून उतरली तशी तिच्या पायांवरच पडली. "ताई, सुटली म्हना. शपथ सुटली म्हना की!"

"कसली शपथ?"

तिला आठवतही नव्हतं. ललितानं सांगितलं तसा तिचा चेहरा उतरला. "सुटली," ती म्हणाली. "सुटली हो. अहो, मी कधी... सुटली!"

ललिता जिन्यावरून धावत सुटली. "मावशी, धरा," म्हणाली, आणि पहिल्यांदाच खांदा संग्रामचा होता. म्हातारी "आगं, हलवू नगंस" म्हणेपर्यंत पोरगा कुशीवर आला होता. चादर पाठीबरोबरच उचलली गेली. कमरेवर तळहाताएवढं काळं पडलं होतं, आणि मधोमध खड्डा. दीक्षा मागून आली होती. ती तशीच डॉक्टरांना बोलवायला पळाली.

ललितानं तिथंच उभं राहून चिमणाबाईला सगळं सांगून टाकलं, व्हरांडा, उशी, शपथ.

"म्हंजी म्या पाय धरत हुते तवा तुला म्हाईत हुतं?"

"व्हय."

"समदे दिस?"

"व्हय, मावशी."

म्हातारीनं मान हलवली. बाजारात कुणी भाव सांगितल्यावर हलवावी तशी.

डॉक्टरांनी कापलं, धुतलं, भारी इंजेक्शनं दिली. विष रक्तात गेलं होतं. दीक्षानं त्याच दिवशी भिंतीकडच्या सगळ्या बायकांना चित्रं दाखवून शिकवलं. अभ्यासाचं काय होईल ते तिनं विचारलं नाही आणि ललितालाही तिची कीव करायला सवड नव्हती. त्या आठवड्यातच संग्राम गेला.

वडगावहून भाऊबंद आले, पोराला घेऊन गाडीकडं गेले. चिमणाबाई गाठोडं बांधायला मागं राहिली. ललिता तिच्याकडं बघू शकत नव्हती. आकारामची कूस बदलायची वेळ झाली होती. तिनं एकटीनंच खांद्याला हात घातला. अर्धा माणूस वळला, पाय तिथंच राहिले. तो कण्हला. तिनं पुन्हा जोर लावला.

गाठोडं खाली ठेवल्याचा आवाज आला. चिमणाबाईनं येऊन पाय धरले.

"उचल," ती म्हणाली.

आकाराम वळला. म्हातारीनं त्याचा सदरा वर केला आणि पाठीवर तळवा ठेवला. खांद्यापासून कमरेपर्यंत तो सावकाश खाली आणला, माकडहाडावर जरा थांबवला. तिथं काही नव्हतं.

"कशी गुळगुळीत हाय गं," ती म्हणाली.

तिनं सदरा नीट खाली ओढला, गुडघ्यांमध्ये उशी सारली आणि गाठोडं काखेत मारून निघून गेली. दोन तासांनी पुन्हा वेळ झाली. शेजारची खाट रिकामी होती, आणि पाय धरायला कुणी नव्हतं.