रीस अजून वाढेल

शनिवारी सकाळी मी गावातल्या लहान मुलांना बर्फावर उभं राहायला शिकवतो. पहिल्या दिवशी शिकवतो ते पडायला. गुडघे वाकवायचे, कुशीवर पडायचं आणि मुठी मिटून घ्यायच्या, म्हणजे मागून येणाऱ्याच्या स्केटखाली बोटं सापडत नाहीत. मग रांगतं व्हायचं, एक गुडघा उचलायचा आणि उठायचं. मी हात देत नाही. शेजारी उभा राहतो आणि वाट बघतो. मुलं मला गीडो म्हणतात. आमच्याकडच्या युक्रेनी घरांत आजोबांना हाच शब्द. मी सव्वासहा फूट उंच आहे, त्यामुळे कुणीतरी दर वर्षी विचारतंच, "गीडो, तिकडे वर जास्त थंडी असते का?"

रीस लाव्हाले माझ्याकडे राहायला आला तेव्हा सतरा वर्षांचा होता. आमच्या गावच्या ज्युनियर आइस हॉकी संघासाठी लांबलांबून मुलं आणतात आणि ती गावातल्याच कुणाच्या तरी घरी राहतात. रीसचं गाव उत्तरेला, तळ्याकाठी, गाडीने दिवसभराच्या वाटेवर. आई तिथल्या शाळेत स्वयंपाक करते. बाप रस्त्यावरचं बर्फ हटवणारी गाडी चालवतो, आणि हिवाळ्यात त्याला रस्ता सोडता येत नाही. त्यामुळे मुलाचा खेळ बघायला त्यांना यायला जमत नसे.

आणि खेळ बघण्यासारखा होता. चकती कुठे जाणार हे चकतीच्या आधी त्याला कळायचं. उणं एकच होतं. उंची पाच फूट सात इंच.

जूनमध्ये व्यावसायिक क्लब अठराच्या आसपासची मुलं निवडतात. त्यासाठी त्यांचे पारखी हिवाळाभर कॅनडाच्या आमच्या सस्कॅचेवान प्रांतातली एकेक रिंक पालथी घालतात, सगळ्यात वरच्या रांगेत कागदी कपातली कॉफी घेऊन बसतात आणि मुलांना एकाखाली एक क्रमांक देतात. रीससारख्या मुलाबद्दल त्यांचा प्रश्न ठरलेला, हा अजून वाढेल का? त्याचं उत्तर ते बर्फावर शोधत नाहीत. प्रेक्षकांत बसलेल्या त्याच्या घरच्यांत शोधतात. खाण तशी माती.

नोव्हेंबरात मर्डोक नावाचा एक पारखी माझ्या शेजारी येऊन बसला. पूर्वेकडचा होता, आमच्या भागात नवा. सूर्यफुलाच्या बिया मात्र आमच्यासारख्याच फोडत होता, टरफलं रिकाम्या कपात.

"आजोबा, सतराव्या वर्षी तुम्ही केवढे होता हो?"

"बुटका होतो की! अठराव्याला एका हिवाळ्यात एवढा वाढलो, की आई पँटी उसवून उसवून कंटाळली. म्हणाली, आता खाली पडद्याचं कापड जोडते."

तो खो खो हसला, बियांची पुडी माझ्यापुढे धरली आणि निघून गेला. मला वाटलं, माणूस वेळ काढतोय.

जानेवारीत क्रमवारी आली आणि रीसचं नाव तिच्यात होतं. तळाकडे, पण होतं. बेकरीवालीने त्याला आठवडाभर फुकट डोनट दिले. संघाचे प्रशिक्षक मला पोस्टाबाहेर भेटले.

"मर्डोक सगळ्यांना सांगत फिरतोय, पोरगा आजोबांवर गेलाय, उशिरा वाढेल."

"कोणाच्या आजोबांवर?"

"आता मलाच विचारता? तुमच्यावर!"

घरी आलो तर रीस तळघरात लोखंडी दांड्याला लोंबकळत होता. कुणीतरी सांगितलं होतं, लटकल्याने उंची वाढते.

"त्या मर्डोकला काय सांगितलंस?"

"त्याने विचारलं, ते उंच गृहस्थ तुझे कोण? मी म्हटलं, आजोबा." दांड्यावरूनच तो बोलत होता. "सगळेच तुम्हाला आजोबा म्हणतात, गीडो."

"सगळ्यांची मापं माझ्यावरून कुणी घेत नाही."

तो खाली उतरला. तळवे लाल झाले होते. "फक्त जूनपर्यंत. तोवर मी वाढलेला असेन. मग खोटं कुठे राहिलं?"

"हे बघ पोरा, तू बोललास, तूच निस्तर. मी आपण होऊन त्याच्याकडे जाणार नाही. पण त्याने विचारलं, तर मी खोटं सांगणार नाही."

"सांगतो ना मी. थोडं थांबा."

थांबणं हा माझा धंदाच आहे. मी थांबलो.

दर रविवारी तो स्वयंपाकघराच्या चौकटीला पाठ लावून उभा राहायचा आणि मी डोक्यावर पट्टी धरून पेन्सिलीने खूण करायचो. "पेन्सिल सरळ धरा, गीडो," तो बजावायचा. मी सरळच धरायचो. खुणा एकावर एक पडत गेल्या, आणि वसंतापर्यंत तिथे एकच जाड रेघ झाली. फेब्रुवारीत मर्डोकच्या क्लबने त्याच्या मनगटाचा एक्स-रे काढून घेतला. हाडांची टोकं उघडी आहेत की मिटली, ते त्यात दिसतं म्हणे; मिटली की उंची वाढणं संपलं. निकाल आम्हाला कुणी कळवला नाही.

मार्चअखेर, आमच्या रिंकवरच्या शेवटच्या सामन्याला रीसचे आईबाप आले. रस्ते मोकळे झाले होते. बाप नॉरबर्ट ट्रकमधून उडी मारून उतरला. सीट पार पुढे ओढलेली होती आणि तिच्यावर उशी. आई डेल्माने वर्तमानपत्रात गुंडाळलेला धुरावलेला मासा माझ्या हातात दिला आणि रीसला मिठी मारली. तिचं डोकं त्याच्या कानापाशी येत होतं. चहाचं भांडं काढायला तिने माझ्या स्वयंपाकघरात स्टूल मागितलं.

"आमच्याकडे सगळं खालच्या फळीवर असतं," नॉरबर्ट म्हणाला. "वरची फळी पाहुण्यांसाठी. पण तुमच्याएवढा पाहुणा अजून आला नाही."

आम्ही हसलो. रीस हसला नाही.

निघताना त्याने बुटांची नाडी बांधता बांधता म्हटलं, "आई, तुम्ही दोघं पलीकडच्या बाजूला बसाल? गीडोंच्या इथून नीट दिसत नाही."

"बरं," डेल्मा म्हणाली.

नॉरबर्टने माझ्याकडे पाहिलं. "तुम्ही बसता ना तिथे?"

"हो."

त्याने टोपी डोक्यावर घातली.

रीसने त्या दिवशी दोन गोल जमवून दिले. समोरच्या बाजूला दोन लहान आकृत्या दोन्ही वेळा उठून उभ्या राहिल्या, पण पुढच्या रांगेतली माणसंही उठल्यामुळे मला त्यांच्या टोप्याच तेवढ्या दिसल्या.

सामना संपल्यावर आम्ही आतल्या बोळात उभे होतो. रीस स्केट्स घालूनच बाहेर आला, त्यामुळे जरा उंच दिसत होता. तेवढ्यात मर्डोक आला आणि त्याने आधी माझा हात हातात घेतला.

"आजोबा, झकास खेळला हो तुमचा नातू!"

डेल्माचा हात रीसच्या खांद्याकडे निघाला होता. तो मध्येच थांबला.

मी रीसकडे पाहिलं. तो खालच्या रबरी चटईकडे बघत होता. आत्ता बोलेल, असं मला वाटत राहिलं.

"आणि तुम्ही?" मर्डोकने डेल्माला विचारलं.

"मर्डोक," मी म्हणालो, "ही..."

डेल्माने माझी बाही धरली. रस्त्यालगत आपण मुलाची धरतो, तशी घट्ट. "आम्ही त्याच्या गावचे," ती म्हणाली. "लहानपणापासून ओळखतो त्याला."

"असं का! घरची माणसं कशी आहेत?"

"साधी आहेत."

नॉरबर्टने टोपी काढली आणि पुन्हा घातली. मर्डोकने सगळ्यांना हात केला आणि तो गेला. माझी बाही सुटली.

"आई," रीस म्हणाला.

"ते बूट काढ आधी. पाय ओले असतील."

जूनमध्ये निवड दोन दिवस चालली. रीस माझ्या बाहेरच्या खोलीत टीव्हीसमोर बसून होता, फोन गुडघ्यावर. मी बटाटा भरलेल्या पिरोगी उकडल्या, त्या तशाच गार झाल्या. मर्डोकच्या क्लबने शेवटी फिनलंडचा एक मुलगा घेतला, दाराएवढा उंच. सगळी नावं संपल्यावरही रीस बराच वेळ टीव्हीकडे बघत राहिला. तिथे आता साबणाची जाहिरात लागली होती. रविवारी मी पट्टी घेऊन उभा राहिलो, तर तो म्हणाला, "राहू दे, गीडो." पुढच्या हंगामाला येणार नाही, हे त्याने प्रशिक्षकांना फोनवर सांगितलं. नॉरबर्टच्या रस्तेखात्यात एक जागा होती.

आईबाप त्याला न्यायला आले. नॉरबर्ट आणि रीस बाहेर सामान बांधत होते. डेल्मा माझ्या स्वयंपाकघरात कप विसळत होती. नको म्हटलं तरी ऐकेना.

"तो मर्डोक नंतर काही बोलला?" तिने विचारलं.

"मीच फोन केला होता काल. सगळं सांगितलं त्याला."

"मग?"

"म्हणाला, एक्स-रे आला तेव्हाच त्यांनी रीसचं नाव काढलं होतं. फेब्रुवारीतच. हाडं मिटलेली होती."

तिने नळ बंद केला. "मग त्या दिवशी कशाला आला होता?"

"समोरच्या संघातल्या एका मुलाला बघायला."

ती एक कप पुसत राहिली. तो कोरडा झाला तरी पुसत होती.

"म्हणजे त्या दिवशी मी खरं सांगितलं असतं," ती म्हणाली, "तरी चाललं असतं."

तिने कप ओट्यावरच ठेवला. फळी उंच होती, आणि स्टूल तिने मागितलं नाही.

वळलो तर रीस दारात उभा होता, चौकटीला टेकून. रेघ त्याच्या डोक्याला बरोबर लागून होती. किती वेळ उभा होता, कोण जाणे. मी वाट पाहिली. तो बाजूला झाला नाही. डेल्माने पर्स उचलली, अंग चोरून त्याच्या शेजारून गेली आणि ट्रकमध्ये जाऊन बसली.