नाथाला बोललेले पाय

म्हसवडला चपला-बुटांचं मोठं दुकान निघालं. साताऱ्यात झालं, सांगलीत विश्रामबागेला झालं, आता इथं. गावातल्या लेकी-सुनांना कामं लागली. त्यात कृष्णातची बायको संयोगिता.

उसाच्या ट्रॉलीवरून पडून कृष्णातची कंबर गेली, तेव्हा ती सिद्धनाथाला नवस बोलली होती,

धनी चढू दे माझा, नाथा, तुझी पायरी
तवर माझ्या पावलांना माती सोयरी

तेव्हापासून चप्पल सुटली. माणदेशातलं ऊन टाचांवरून गेलं, भेगा पडल्या, कुसळं रुतली. अंथरुणातून कृष्णात त्या उघड्या पायांकडं बघत राहायचा. त्याचा धीर तेवढाच.

उद्घाटनाच्या सकाळी मॅनेजर, अतिशय नावाचं सांगलीकडच्या जैनांचं पोरगं, बूट घेऊन तिच्यापुढं उभा राहिला.

"ताई, व्रत-नेम आमच्या घरीपण आहेत. पण चपलांच्या दुकानात अनवाणी बाई कशी चालंल? वरचे साहेब आलेत. घाला, नाहीतर मला दुसरी बघावी लागंल."

शेजारी उभी असलेली दुकानातलीच प्रांजल खुसखुसली, "अगं, हलवायानंच उपास धरला तर पेढं कोण घेईल?"

सासूचे, बनुबाईचे, हात आता खुरप्याला चालत नव्हते. घरची चूल संयोगिताच्या पगारावरच पेटणार होती. "दुकानापुरतंच रं नाथा," ती पुटपुटली आणि पाय आत सारले. दिवसभर लोकांच्या पायांत बूट चढवले. संध्याकाळी आपले फळीवर ठेवून अनवाणीच घरी आली.

कृष्णातच्या हातात मोबाईल होता. दुकानवाल्यांनी फोटो टाकलेला. साहेबांच्या गळ्यात हार, मागं ओळीनं बाया, वर लिहिलेलं, 'म्हसवडच्या लेकी-सुनांना रोजगार'. त्यानं दोन बोटांनी फोटो मोठा केला, पार तिच्या पायांपर्यंत.

"आवं, ते नुसतं दुकानापुरतं..."

"बरं केलंस." आवाज शांत होता. "आई गप बसती, डाक्टर गप बसतो. मी उठत न्हाई, हे कुणीतरी सांगायला पायजेच हुतं."

"तसं न्हाई वं!"

"मग कसं गं?"

चुलीपाशी बनुबाईचा भाकरी थापायचा आवाज थांबला.

संयोगिता त्याचे पाय चेपायला बसली. चेपताना रोज ती म्हणायची, "हलवा की जरा," आणि तो दात आवळून आपल्या अंगठ्याकडं टक लावायचा. घामाघूम व्हायचा.

"हलवा की जरा," ती म्हणाली.

कृष्णातनं तोंड भिंतीकडं फिरवलं.